दूरचा संदेश आणि ताळ्याचे अंक

प्रश्नाचे स्वरूप

सांगणाऱ्याने जे सांगितले तेच ऐकणाऱ्याच्या हाती पडले पाहिजे, ही संदेशवहनाची पहिली अट होय. दोन माणसे समोरासमोर बसलेली असतात तेव्हा ही अट पाळणे अवघड नसते. एखादा शब्द नीट ऐकू आला नाही, तर ऐकणारा ‘काय म्हणालात?’ असे विचारतो आणि सांगणारा तो शब्द पुन्हा उच्चारतो. अंतर वाढत गेले की ही सोय हळूहळू नाहीशी होते; आणि ते फारच वाढले की ती मुळीच उरत नाही.

आपल्या देशातील एक उदाहरण घेऊ. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघालेले मंगळयान २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाभोवतीच्या कक्षेत शिरले. त्या वेळी ते पृथ्वीपासून सुमारे २२ कोटी किलोमीटर दूर होते. प्रकाशाच्या वेगाने धावणाऱ्या रेडिओलहरींनाही हे अंतर तोडण्यास साडेबारा मिनिटांच्या आसपास वेळ लागत होता. बेंगळुरूच्या नियंत्रण केंद्रातून यानाला काही विचारावे, तर उत्तर हाती येण्यास सुमारे पंचवीस मिनिटे जावयाची. यानाचा वेग कमी करण्यासाठी त्याचे मुख्य इंजिन चालवावयाचे होते ते सुमारे चोवीस मिनिटे. आणि त्यातील काही काळ तर यान मंगळाच्या आड जाणार होते. म्हणजे प्रश्नाचे उत्तर येईपर्यंत सर्व काही घडून गेलेले असणार! म्हणून इंजिन केव्हा व किती वेळ चालवावयाचे यासंबंधीच्या आज्ञा काही दिवस अगोदरच पाठवून यानाच्या स्मृतीत साठविलेल्या होत्या.

अशी आज्ञा वाटेत थोडीशीही बिघडली, तर काय होईल? यंत्राची भाषा शून्य आणि एक या दोनच अंकांची असते. चोवीस मिनिटे म्हणजे १,४४० सेकंद. ही संख्या त्या भाषेत १०११०१००००० अशी लिहितात. या अकरा अंकांपैकी केवळ पहिला अंक बदलून त्याच्या जागी शून्य आले, तर १,४४० चे ४१६ होतात. दृष्टांतापुरते बोलावयाचे, तर चोवीस मिनिटे चालावयाचे इंजिन सात मिनिटांतच बंद पडेल आणि यान मंगळाला ओलांडून सूर्याभोवती भ्रमण करीत राहील. एका अंकाची ही किंमत आहे.

असे अंक बदलतात ते गोंगाटामुळे. येथे गोंगाट म्हणजे केवळ कानांना ऐकू येणारा आवाज नव्हे. सर्व उष्ण वस्तूंतील कणांची सततची हालचाल, आकाशातून येणारे रेडिओ-प्रारण, खुद्द ग्राहक यंत्राच्या मंडलातील विजेची चळवळ, ही सर्व संदेशात मिसळतात आणि त्याला गढूळ करतात. गोंगाट कमी करता येतो, पण नाहीसा करता येत नाही. मग त्यातून निर्दोष संदेश मिळावा तरी कसा? या प्रश्नाचे उत्तर ज्या शास्त्राने दिले, त्याला माहिती-सिद्धांत म्हणतात.

माहितीचे माप

धान्य मापावयाचे तर माप हवे. तसेच माहिती मापावयाची तर तिचेही माप ठरविले पाहिजे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करणारे गणिती क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केलेल्या निबंधात हे माप निश्चित केले. संदेशाचा अर्थ काय, तो महत्त्वाचा की क्षुल्लक, या गोष्टी त्यांनी बाजूस ठेवल्या. संदेश येण्यापूर्वी किती शक्यता होत्या आणि तो आल्यावर किती उरल्या, एवढेच त्यांनी पाहिले.

बुद्धिबळाच्या पटावर ६४ घरे असतात. त्यांपैकी एक घर मी मनात धरले आहे असे समजा. ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर देता येईल असे प्रश्न विचारून तुम्ही ते ओळखावयाचे आहे. ते पटाच्या डाव्या अर्ध्या भागात आहे काय, असे विचारले की ३२ घरे बाद होतात. पुढच्या प्रश्नाने १६ उरतात, मग ८, ४, २ आणि शेवटी १. सहा प्रश्नांत घर सापडते. अशा एका ‘होय-नाही’च्या उत्तरात जेवढी माहिती असते, तिला एक बिट म्हणतात. ६४ समान शक्यतांतून एक निवडणे म्हणजे सहा बिट माहिती. सर्व शक्यता सारख्याच संभवनीय नसतील, तर माहिती कमी भरते. कारण जे घडणार हे आधीच जवळजवळ ठाऊक आहे, ते कळल्याने ज्ञानात फारशी भर पडत नाही.

भाषेतील पुनरुक्ती

आपली भाषा या मापाने मोजली, तर तिच्यात एक विलक्षण उधळेपणा आढळतो. पुढील ओळ वाचून पाहा: ‘मझ भउ उदय पण्यस जणर आह.’ या ओळीतील बहुतेक स्वरचिन्हे गाळली आहेत. तरीही ‘माझा भाऊ उद्या पुण्यास जाणार आहे’ हे वाक्य ओळखण्यास वाचकाला प्रयास पडत नाहीत. याचा अर्थ असा की, गाळलेल्या चिन्हांतून जे सांगावयाचे होते ते उरलेल्या अक्षरांनी आधीच बरेचसे सांगितले होते. ‘ती मुलगी गेली’ या वाक्यात स्त्रीलिंग तीनदा सांगितले जाते: सर्वनामात, नामात आणि क्रियापदात. व्याकरणाची ही पुनरुक्ती निरुपयोगी नव्हे. गर्दीच्या बाजारात अर्धेमुर्धे ऐकू आलेले वाक्य आपण पुरे करू शकतो ते तिच्याच आधारावर. उलट ‘७४१८’ या संख्येतील एक अंक गळाला, तर तो कोणता होता हे उरलेल्या तीन अंकांवरून कोणीही सांगू शकणार नाही.

भारतीय भाषांचा या दृष्टीने अभ्यास बेंगळुरूमध्येच झाला आहे. तेथील भारतीय विज्ञान संस्थेतील बी. एस. रामकृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माहिती-सिद्धांताच्या आधारे भारतीय भाषांच्या सापेक्ष कार्यक्षमतेचा विचार केला आणि तो १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. या सहकाऱ्यांपैकी बिष्णू अटल हे पुढे बेल प्रयोगशाळेत गेले. मानवी वाणीच्या लहरीचा पुढील अंश मागील अंशांवरून बऱ्याच अंशी वर्तविता येतो, या तत्त्वावर त्यांनी तेथे मूलभूत कार्य केले. जे वर्तविता येते ते पाठविण्याची गरज नाही. जे वर्तविता येत नाही तेवढेच पाठविले की पुरे. भ्रमणध्वनीवरून आपला आवाज इतक्या थोड्या बिटांत जातो, त्यामागे हेच तत्त्व आहे.

मात्र पुनरुक्ती काढून टाकण्यात धोकाही असतो. तारखात्याच्या काळात शुभेच्छांच्या तारांसाठी ठराविक वाक्यांची यादी असे आणि प्रत्येक वाक्यास एक क्रमांक दिलेला असे. तारेतून केवळ क्रमांक जाई आणि दुसऱ्या टोकाला त्याचे पूर्ण वाक्य होई. पैशाची आणि वेळेची बचत मोठी. पण क्रमांक चुकला, तर विवाहाच्या शुभेच्छांऐवजी परीक्षेतील यशाबद्दल अभिनंदन पोहोचण्याचा संभव! संदेश जितका आटोपशीर, तितका तो नाजूक. म्हणून माहिती-सिद्धांत दोन टप्प्यांनी जातो. भाषेतील सहजगत्या आलेली पुनरुक्ती प्रथम काढून टाकावयाची, आणि मग संरक्षणासाठी नवी, हिशेबशीर पुनरुक्ती मुद्दाम घालावयाची.

ताळा पाहण्याची रीत

हिशेबशीर पुनरुक्ती आपल्या परिचयाची आहे. धनादेशावर रक्कम आकड्यांत लिहिली तरी ‘अक्षरी रुपये’ लिहावेच लागते. जुने कारकून गुणाकार झाल्यावर ताळा पाहत. ताळा जुळला नाही, तर कोठे तरी चूक आहे हे कळे. परंतु ती कोठे आहे हे कळत नसे. ताळ्याची रचना अशी करता येईल काय, की चूक कोठे आहे हेही त्यानेच सांगावे?

१, ०, १, १ हे चार बिट पाठवावयाचे आहेत असे समजा. ते दोन ओळींत मांडू. पहिल्या ओळीत १ व ०. दुसऱ्या ओळीत १ व १. आता प्रत्येक ओळीस आणि प्रत्येक स्तंभास एकेक ताळ्याचा अंक असा जोडावयाचा, की त्यातील एकांची संख्या सम व्हावी. पहिल्या ओळीस १, दुसरीस ०, पहिल्या स्तंभास ०, दुसऱ्यास १, असे चार अंक मिळतात. वाटेत मूळचा तिसरा बिट बिघडून शून्य झाला, तर ग्राहकाला दुसऱ्या ओळीचा आणि पहिल्या स्तंभाचा ताळा जुळत नाही असे आढळेल. ती ओळ व तो स्तंभ जेथे छेदतात, तेथेच चूक आहे. चूक सापडली की दुरुस्ती सोपी. शून्य नाही म्हणजे एकच असणार. पाठविणाऱ्याला काहीही विचारावे लागत नाही.

येथे चार बिटांच्या रक्षणासाठी चार बिट खर्च झाले. शॅनन यांचे बेल प्रयोगशाळेतील सहकारी रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या रीतीत तीनच पुरतात. तीन ताळे घ्यावयाचे आणि प्रत्येकाने चार बिटांपैकी निरनिराळ्या तीन बिटांवर लक्ष ठेवावयाचे. प्रत्येक ताळा एक तर जुळेल किंवा जुळणार नाही; म्हणजे तीन ताळ्यांचे मिळून आठ निकाल संभवतात. एकूण पाठविलेले बिट सात. ‘सर्व ठीक आहे’ हा एक निकाल आणि सातांपैकी कोणता बिट चुकला हे सांगणारे सात निकाल. आठही निकाल उपयोगात आले, एकही वाया गेला नाही.

शॅनन यांचा सिद्धांत

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. एखाद्या मार्गावर पाठविलेल्या प्रत्येक शंभर बिटांत सरासरीने एक बिट चुकतो, असे मानू. अगदी साधा उपाय म्हणजे प्रत्येक बिट तीनदा पाठविणे आणि बहुमताने निर्णय घेणे. असे केल्यास चुकीचे प्रमाण दहा हजारांत सुमारे तीनवर येते. पाचदा पाठविल्यास ते लाखात सुमारे एक इतके उतरते. पण आता पाठविलेल्या शंभर बिटांत खरी माहिती केवळ वीस बिटांची असते. चूक आणखी कमी करावयाची तर पुनरावृत्ती आणखी वाढवावी लागेल आणि संदेशाचा वेग शून्याकडे जाऊ लागेल. बिनचूकपणाची किंमत वेगाने मोजावी लागते आणि पूर्ण बिनचूकपणाची किंमत म्हणजे पूर्ण थांबणे, असे १९४८ पूर्वी स्वाभाविकपणे वाटत असे.

शॅनन यांनी दाखविले की हे खरे नव्हे. प्रत्येक मार्गाला एक निश्चित क्षमता असते. वर घेतलेल्या मार्गाची क्षमता हिशेब केल्यास शंभरास सुमारे ९२ बिट एवढी भरते. या मर्यादेच्या आत राहून माहिती पाठविली, तर चुकीचे प्रमाण आपणास हवे तितके कमी करता येते आणि त्यासाठी वेग घटवावा लागत नाही. मर्यादा ओलांडली, तर मात्र कोणत्याही युक्तीने चुका टाळता येत नाहीत.

हे कसे शक्य होते? गुरुकिल्ली अशी की, बिट एकेकटे न पाठविता त्यांचे फार मोठे गट करावयाचे. एक बिट चुकेल की नाही हे कोणीच सांगू शकत नाही. पण दहा हजार बिटांच्या गटात चुका शंभराच्या आसपास होतील, पाचशे होणार नाहीत, हे जवळजवळ निश्चितपणे सांगता येते. प्रत्येक संकेतशब्द म्हणजे एक गाव आहे आणि गोंगाटाने त्यात होणारे बदल म्हणजे त्या गावाभोवतीचे शिवार, अशी कल्पना करा. गट जितका मोठा तितकी शिवाराची सीमा स्पष्ट होत जाते. कोणत्याही दोन गावांची शिवारे एकमेकांत मिसळणार नाहीत अशा बेताने गावे वसविली, तर वाट चुकलेला माणूस ज्या शिवारात सापडला त्यावरून त्याचे गाव ओळखता येईल. अशी किती गावे वसविता येतील, याची गणती म्हणजेच मार्गाची क्षमता.

सिद्धांतापासून यंत्रापर्यंत

शॅनन यांनी चांगले संकेत अस्तित्वात आहेत हे सिद्ध केले. ते कसे बांधावयाचे हे सांगितले नाही. ते काम पुढे कित्येक दशके चालले आणि त्यात भारतीय गणितज्ञांचा वाटा लहान नाही. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत काम केलेले राजचंद्र बोस आणि त्यांचे सहकारी द्विजेंद्र रायचौधुरी यांनी १९६० मध्ये अनेक चुका एकाच वेळी दुरुस्त करणाऱ्या संकेतांचे एक संपूर्ण कुळ प्रसिद्ध केले. फ्रान्समध्ये ओकेंगेम यांना १९५९ मध्ये तेच स्वतंत्रपणे सापडले होते. म्हणून ते तिघांच्या नावांनी ओळखले जाते. अंतराळयानांना आज्ञा पाठविण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकांत या कुळातील संकेतास स्थान मिळाले आहे. ५६ बिटांच्या आज्ञेस त्यात ताळ्याचे सात बिट जोडतात.

याच बोस यांचे शिष्य शरच्चंद्र शंकर श्रीखंडे. ते नागपुरात शिकले आणि पुढे मुंबई विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. बोस आणि पार्कर यांच्यासह त्यांनी १९५९ मध्ये लॅटिन चौरसांविषयीचा ऑयलरचा जुना तर्क खोटा ठरविला, हे सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी बोस आणि श्रीखंडे यांनी आदामार सारण्या व दोषसुधारक संकेत यांच्या संबंधांविषयी एक निबंध लिहिला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. ३२ ओळींच्या आदामार सारणीत कोणत्याही दोन ओळी बरोबर १६ ठिकाणी भिन्न असतात. या ३२ ओळी आणि त्यांच्या ३२ उलट ओळी मिळून ६४ संकेतशब्द होतात. म्हणजे सहा बिटांचा प्रत्येक गट एकेका शब्दाने दाखविता येतो. शब्दाशब्दांत किमान १६ स्थानांचे अंतर असल्याने ३२ पैकी सात बिट बिघडले तरी मूळ शब्द ओळखता येतो. १९७१ मध्ये मंगळाभोवती फिरू लागलेल्या अमेरिकेच्या मरिनर-९ यानाने अशाच संकेताचा उपयोग केला. कागदावरचे गणित बारा वर्षांत मंगळापर्यंत जाऊन पोहोचले होते.

१९६० मध्ये रीड आणि सॉलोमन यांचे संकेत आले. सलग अनेक बिट खराब झाले तरी ते निभावून नेतात. दुकानात पैसे देण्यासाठी लावलेल्या चौकोनी क्यूआर चिन्हावर डाग पडला तरी ते वाचले जाते ते या संकेतामुळेच. रॉबर्ट गॅलागर यांनी त्याच सुमारास सुचविलेल्या विरळ ताळ्यांच्या संकेतांना मात्र तत्कालीन गणकयंत्रांची शक्ती अपुरी पडली. ते बराच काळ विस्मृतीत राहिले आणि नव्वदीच्या दशकात पुन्हा उजेडात आले. १९९३ मध्ये फ्रान्समधील बेरू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टर्बो संकेत मांडले. तेव्हा शॅनन यांनी ४५ वर्षांपूर्वी आखलेली सीमारेषा प्रत्यक्ष यंत्रांच्या अगदी जवळ आली.

ब्यालाळूची थाळी

बेंगळुरूपासून सुमारे ४० किलोमीटरवर ब्यालाळू हे गाव आहे. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे दूर-अंतराळ संदेशवहन केंद्र तेथे आहे. चांद्रयान-१ च्या मोहिमेसाठी २००८ मध्ये ते सिद्ध झाले. तेथे ३२ मीटर व्यासाची भारतीय बनावटीची एक थाळी आणि १८ मीटर व्यासाची दुसरी थाळी आहे.

चंद्र पृथ्वीपासून सरासरीने ३ लाख ८४ हजार किलोमीटर अंतरावर आहे. २०१४ मधील त्या दिवशी मंगळयान त्याच्या सुमारे ५७० पट दूर होते. रेडिओलहरींची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणून त्याच शक्तीच्या प्रक्षेपकाचा संदेश चंद्राच्या मानाने मंगळावरून सव्वातीन लाख पट क्षीण होऊन येणार. शॅनन यांच्या सूत्राप्रमाणे मार्गाची क्षमता लहरींच्या पट्ट्याची रुंदी आणि संदेश व गोंगाट यांच्या शक्तींचे गुणोत्तर या दोहोंवर ठरते. या सूत्रातील आश्वासक गोष्ट अशी की, संदेश गोंगाटाहून दुबळा असला तरी क्षमता शून्य होत नाही. एक लाख हर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यात संदेशाची शक्ती गोंगाटाच्या केवळ एक दशांश असेल, तरीही दर सेकंदास सुमारे १३,७५० बिट पाठविता येणे तत्त्वतः शक्य असते. संदेश ऐकू येण्यासाठी तो गोंगाटापेक्षा मोठा असलाच पाहिजे, ही समजूत येथे खोटी ठरते.

संकेताचे मोल पैशात कसे मोजावे, हेही यावरून कळते. समजा, एखाद्या चांगल्या संकेतामुळे निम्म्या शक्तीच्या संदेशातही तेवढाच बिनचूकपणा मिळू लागला. तोच लाभ थाळी मोठी करून मिळवावयाचा, तर तिचे क्षेत्रफळ दुप्पट करावे लागेल; म्हणजे ३२ मीटरच्या जागी ४५ मीटर व्यासाची थाळी उभारावी लागेल. शेकडो टन पोलादाचे काम ताळ्याचे काही अंक करतात. ज्या देशाला प्रत्येक रुपया जपून खर्च करावयाचा आहे, त्याच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही.

सिद्धांताची मर्यादा

तथापि, या सिद्धांताकडून काय अपेक्षावे आणि काय अपेक्षू नये, याचा विवेक हवा. संदेश मुळात खरा आहे की खोटा, हे तो सांगत नाही. चुकीची आज्ञा दिली, तर ती चुकीची आज्ञा तो बिनचूक पोहोचवील. तसेच संदेशाची शक्ती अगदीच शून्य झाली, तर सूत्राप्रमाणे क्षमताही शून्य होते. सहा महिन्यांसाठी योजिलेले मंगळयान साडेसात वर्षांहून अधिक काळ कार्य करीत राहिले. एप्रिल २०२२ मध्ये त्याच्याशी असलेला संपर्क तुटला आणि तो पुन्हा जोडता आला नाही. प्रक्षेपकच मूक झाल्यावर कोणताही संकेत उपयोगी पडत नाही.

जोवर गोंगाटाखाली दबलेला का होईना, पण संदेश येत आहे, तोवर मात्र तो निर्दोषपणे वाचता येण्याची आशा असते. ती किती धरावी, हे मार्गाची क्षमता ठरविते; आणि ती कशी फलद्रूप करावयाची, हे संकेत ठरवितात.